सिक्वेन्स डायग्राम नेमक्या कुठे काढाव्यात? (निमित्त: शेतीपंपाचा मोबाईल स्टार्टर)

वाळूजचा_नवखा

धागा तांत्रिक आहे, पण इथं शेतीपंपवाले आणि सिस्टीम इंजिनिअरिंगवाले दोघंही वावरतात म्हणून इथंच टाकतोय.

आमची लहानशी कंपनी, वाळूजला. शेतीपंपासाठी मोबाईल स्टार्टर बनवतो. आत सिम घातलेलं जीएसएम मॉड्यूल, एक कंट्रोलर, तिन्ही फेजवर सीटी (करंट मोजणारे सेन्सर), विहिरीत पाण्याचा प्रोब. बाहेर गिऱ्हाइकाचा जो असेल तो स्टार्टर, डीओएल (मोटर थेट लाईनवर सुरू करणारा) नाहीतर स्टार-डेल्टा (टप्प्यानं सुरू करणारा). नव्या आवृत्तीसाठी साहेबांचं फर्मान आहे की कोडला हात लावायच्या आधी सगळ्या परिस्थितींच्या सिक्वेन्स डायग्राम (कोण कुणाला कोणत्या क्रमानं काय कळवतो, हे दाखवणाऱ्या आकृत्या) काढून दाखवा.

काढतोय. ढीग झालाय. 'मोटर चालू', 'मोटर बंद', 'स्थिती विचारा', 'नंबर नोंदवा'. सगळ्या दिसायला भावंडं. डावीकडून उजवीकडे बाण जातात, उजवीकडून डावीकडे तुटक बाण परत येतात, शेवटी शेतकऱ्याला मेसेज. नमुना बघा:

शेतकरी → नेटवर्क : 'चालू' एसएमएस
नेटवर्क → मॉड्यूल : 'चालू'
मॉड्यूल → कंट्रोलर : चालू करण्याची आज्ञा
कंट्रोलर → स्टार्टर : रिले ओढला
कंट्रोलर ⇢ मॉड्यूल : झालं
मॉड्यूल ⇢ शेतकरी : 'मोटर चालू झाली'

यातून मला नवीन काहीच कळत नाही. हे सगळं ऑडिटच्या फायलीसाठीच असतं का, की आम्ही पाणी नसलेल्या जागी बोर घेतोय?

रेषेवरची_माणसं

मूळची बीडची, सध्या पुण्यात गाड्यांच्या कंट्रोल युनिटचं टेस्टिंग करते. तुमच्या नमुन्यातली पाचवी ओळ परत वाचा.

कंट्रोलरनं रिले ओढला आणि लगेच 'झालं' म्हणून मोकळा झाला. मोटर फिरतेय हे त्याला कुणी सांगितलं? कॉन्टॅक्टर धरलाच नसेल. एक फेज नसेल. ओव्हरलोड रिले आधीच पडलेला असेल आणि कुणी रीसेट केला नसेल. या प्रत्येक वेळी तुमच्या शेतकऱ्याला 'मोटर चालू झाली' असा मेसेज जाणार, तो निवांत झोपणार आणि सकाळी ऊस कोरडा.

सीटी बसवलेत म्हणता, पण आकृतीत ते कुठंच नाहीत. रिले ओढल्यावर काही सेकंद थांबायचं, मोटर वेगात आली की तिन्ही फेजचा करंट वाचायचा, तो ड्राय-रनच्या (पाण्याविना फिरण्याच्या) करंटच्या वर आणि ओव्हरलोडच्या खाली असेल तरच 'झालं'. म्हणजे मोटर ही वेगळी लाईफलाईन (आकृतीतली त्या भागाची उभी रेघ) हवी, आणि परतीचा बाण तिच्याकडून मिळालेल्या माहितीवर उभा हवा.

मी तरी आकृती हातात आली की आधी फक्त परतीचे बाण वाचते. 'हे तुला कसं कळलं?' असं प्रत्येकाला विचारायचं. ज्याला उत्तर नाही तिथं दोष लपलेला असतो.

डीपीखालचा

मी केजकडचा. तुमच्यासारखाच एक डबा माझ्या हिरीवर हाये, कंपनी सांगत नाही. आमची आठवडाभर रात्रीची लाईट आसती. गावची लाईट गेली की टॉवरबी थोड्या वेळानं बसतो. दुपारी 'चालू' पाठवलं, मेसेज गेलाच नाही, म्हणून मी सोता गाडीवर जाऊन मोटर लावली, पाणी दिलं, बंद केली, घरी आलो. रात्री टॉवर आला आन् दुपारचा 'चालू' तवा पोचला. मोटर आपली चालू! पाणी दुसऱ्याच्या वावरात.

काहून होतंय हे, तुमच्या चित्रात दिसतं का?

वाळूजचा_नवखा

दादा, नाही दिसत. आमच्या सगळ्या चित्रांत एसएमएस लगेच पोचतो.

मन्याडकाठ

हाच खरा मुद्दा. नांदेडला शिकवतो, हा विषय दरवर्षी वर्गात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलं सिक्वेन्स डायग्राम वाचताना वरून खाली म्हणजे काळ असं धरतात, आणि दोन बाणांमधलं अंतर म्हणजे सेकंद. दोन्ही पुरतं खरं नाही. एका लाईफलाईनवर वरची घटना आधी, खालची नंतर, एवढं पक्कं. मेसेज मिळण्याआधी तो पाठवलेला असतो, हेही पक्कं. या दोन नियमांतून जे निघेल तेवढाच क्रम, बाकी काही नाही. दोन वेगळ्या लाईफलाईनवरच्या दोन घटना कागदावर एकाच उंचीवर दिसल्या तरी त्या एकाच वेळी घडल्या असं आकृती म्हणत नाही. लेस्ली लॅम्पोर्टनं १९७८ साली वितरित संगणकांबद्दल 'आधी-घडलं' हे नातं मांडलं, ते नेमकं हेच. टेलिफोन एक्सचेंजवाल्यांना याची गरज आधी भासली. त्यांचे मेसेज सिक्वेन्स चार्ट आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या झेड.१२० या शिफारशीत यूएमएलच्याही (सॉफ्टवेअरच्या आकृत्यांची प्रमाण भाषा) आधी आले. यूएमएल १९९७ चं, आणि आज आपण वापरतो ते 'आल्ट' (पर्याय), 'लूप' (पुनरावृत्ती), 'पार' (समांतर) वगैरे चौकटींचं रूप यूएमएल २ मधून आलं.

आता एसएमएस. त्याचा बाण असिंक्रोनस, म्हणजे उघड्या टोकाचा. पाठवणारा वाट बघत नाही. मध्ये सर्व्हिस सेंटर मेसेज साठवून ठेवतं आणि फोन सापडेपर्यंत प्रयत्न करतं. म्हणून 'नेटवर्क' ही तुमची एक साधी रेघ नाही, ती स्वतंत्र वागणारी वस्तू आहे. तिला लाईफलाईन द्या आणि तिच्याकडून निघणारा बाण तिरका काढा. मग शेतकऱ्यानं आधी 'चालू' आणि नंतर 'बंद' पाठवलं तर ते दोन बाण एकमेकांना छेदून उलट क्रमानं पोचू शकतात, हे कागदावरच दिसेल. एसएमएसमध्ये क्रमाची हमी नसते.

याउलट कॉल लावून बटण दाबायचं असेल तर ते जवळजवळ सिंक्रोनस आहे, भरीव टोकाचा बाण. कॉल लागला तर लागला, नाही तर नाही. दुपारचा कॉल रात्री पोचत नाही.

रेषेवरची_माणसं

सरांच्या म्हणण्यात उपायाची भर घालते. मॉड्यूलला एसएमएस मिळतो तेव्हा त्यासोबत सर्व्हिस सेंटरनं घातलेली वेळ येते. मॉड्यूलचं घड्याळ नीट असेल तर फरक काढा. फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर आज्ञा पाळू नका, फक्त 'जुना मेसेज, मोटर लावली नाही' असं कळवा. आकृतीत ही मर्यादा कुरळ्या कंसात कालबंधन म्हणून लिहायची, आणि 'आल्ट' चौकटीत दोन कप्पे: ताजा मेसेज, शिळा मेसेज.

मर्यादा किती हे मात्र डीपीखालच्या दादांना विचारून ठरवा, ऑफिसात बसून नको.

डीपीखालचा

'चालू'ला पाच मिनिटं लई झाली. 'बंद' मात्र कवाबी आला तरी चालंल, बंद करून टाका.

मन्याडकाठ

वा! दोन्ही आज्ञांना वेगवेगळी मर्यादा. माझ्या वर्गात हे कुणी बोललं नव्हतं.

स्टेटमशीन_झिंदाबाद

मला कळत नाही तुम्ही लोक एवढा जीव का आटवताय. सिक्वेन्स डायग्राम म्हणजे एक गोष्ट. एकदा असं झालं, मग तसं झालं. हजार गोष्टी काढल्या तरी हजार एकावी राहतेच. कंट्रोलरचं स्टेट मशीन काढा, त्यात प्रत्येक अवस्थेत प्रत्येक घटना आली तर काय, याचं उत्तर द्यावंच लागतं. कोडही त्यातूनच येतो. बाकी सगळी नक्षी.

रेषेवरची_माणसं

अर्धं मान्य. कंट्रोलरच्या आत काय चाललंय याला स्टेट मशीनच हवं. सिक्वेन्स डायग्राम ही उदाहरणं असतात, सगळ्या शक्यता त्यात मावत नाहीत, आणि मावाव्यात म्हणून आल्टमध्ये आल्ट घालत गेलं की ती कुणालाच वाचता येत नाही.

पण स्टेट मशीन एकाच वस्तूचं असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये जुना मेसेज पडून आहे, कंट्रोलर 'बंद' अवस्थेत आहे आणि शेतकऱ्याला वाटतंय मोटर चालू आहे, ही तिघांची मिळून झालेली अडचण एकट्या कंट्रोलरच्या स्टेट मशीनमध्ये कुठं दिसेल? तिथं तिन्ही अवस्था वैध आहेत.

एक ठोस उदाहरण देते. बाजारात काही डबे मिस कॉलवर चालतात: एक मिस कॉल दिला की चालू, परत दिला की बंद. स्टेट मशीन दोन अवस्थांचं, अगदी सुबक. आता 'चालू झाली' हा परतीचा मेसेज हरवला असं धरून सिक्वेन्स काढा. शेतकरी वाट बघतो, वैतागतो, परत मिस कॉल देतो. मोटर बंद. परत उत्तर नाही, परत मिस कॉल. यंत्राच्या बाजूनं कुठंच चूक नाही. उलटापालट करणारी आज्ञा दोनदा पोचली की अर्थ बदलतो, 'चालू' ही आज्ञा दोनदा पोचली तरी बदलत नाही. हे हरवलेल्या बाणाच्या आकृतीत लगेच डोळ्यात खुपतं. यूएमएलमध्ये हरवलेल्या मेसेजला खास चिन्हही आहे, बाणाच्या टोकाला भरीव ठिपका.

स्टेटमशीन_झिंदाबाद

मिस कॉलचं उदाहरण चांगलं आहे. तरी 'स्थिती विचारा'ची वेगळी आकृती काढायची गरज नाही यावर ठाम.

रेषेवरची_माणसं

त्यावर माझं भांडण नाहीच. ती फेकून द्या.

सोलर_सम्राट

सोलर पंप घ्या. डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) नाही, रात्रपाळी नाही, एसएमएस नाही.

डीपीखालचा

आन् ढगाळ आसलं की?

मन्याडकाठ

तो वेगळा धागा काढा, इथं गर्दी नको.

वाळूजवाल्यांना एक तपासणी सुचवतो, जी सिस्टीम इंजिनिअरिंगमध्ये फार उपयोगी पडते आणि सॉफ्टवेअरवाले सहसा करत नाहीत. सिसएमएलच्या (यूएमएलवर बेतलेली, सिस्टीम इंजिनिअरिंगची आकृती-भाषा) पहिल्या पिढीत नऊ प्रकारच्या आकृत्या आहेत. त्यातल्या वर्तनाच्या चार: यूज केस, अ‍ॅक्टिव्हिटी, स्टेट मशीन आणि सिक्वेन्स. सिक्वेन्स जवळपास यूएमएलमधून जशीच्या तशी उचलली. फरक एवढाच, की इथं लाईफलाईन म्हणजे प्रणालीचा खराखुरा भाग, तुमच्या अंतर्गत ब्लॉक आकृतीतला. तेव्हा दोन्ही आकृत्या शेजारी ठेवा. सिक्वेन्समध्ये दोन भागांमध्ये बाण असेल तर ब्लॉक आकृतीत त्या दोघांना जोडणारी तार, पाईप, रेडिओ, काहीतरी असलंच पाहिजे. नसेल तर दोन्हीपैकी एक आकृती खोटी. उलटही बघा: तार आहे पण एकाही सिक्वेन्समध्ये तिच्यावरून काही जात नाही, मग ती तार कशाला?

२०२५ मध्ये ओएमजीनं (या भाषांची प्रमाणं ठरवणारी संस्था) सिसएमएल २ स्वीकारलं, त्यात मजकूर लिहून मॉडेल करता येतं. पण तुमच्या कामाला त्याची घाई नाही.

वाळूजचा_नवखा

सर, लगेच करून बघितलं. विहिरीतला प्रोब ब्लॉक आकृतीत आहे, सिक्वेन्समध्ये एकदाही नाही. आता प्रश्न पडला: पाण्याची पातळी उतरली हा मेसेज का? पाणी काही बाण सोडत नाही. आणि मोटरचा करंट? तो तर सलग वाहतो.

स्टेटमशीन_झिंदाबाद

पाणी हा मेसेज नाही. विषय संपला.

मन्याडकाठ

विषय इथं सुरू होतो. सलग वाहणाऱ्या गोष्टी, म्हणजे पाणी, करंट, उष्णता, सिक्वेन्समध्ये कोंबू नका, त्यांना अ‍ॅक्टिव्हिटी आकृती बरी. पण पाण्यानं प्रोब सोडला तो क्षण ही घटना आहे. तो बाण प्रोबकडून कंट्रोलरकडे काढा, 'पाणी खाली' असं लिहून. पाण्याची लाईफलाईन नको.

आपल्याकडचं मोठं उदाहरण घ्या. नाशिककडच्या धरणांतून आणि नांदूर मध्यमेश्वरातून गोदावरीत विसर्ग वाढवला की त्याची खबर पैठणला फोनवर काही क्षणांत येते, पाणी मागाहून येतं. मेसेज आणि प्रवाह या दोन वेगळ्या वाटा, दोन वेगळे वेग. नाथसागराचे २७ दरवाजे किती उघडायचे आणि खालच्या गावांना कधी कळवायचं हे सगळं त्या मधल्या अवधीवर ठरतं. तिथं मी खबरीचा बाण सिक्वेन्समध्ये काढेन, 'पाणी पोचलं' हे पातळी मोजणाऱ्या केंद्राचं निरीक्षण म्हणून काढेन, आणि दोन्हींमध्ये कालबंधन टाकेन. खुद्द नदी आकृतीबाहेर.

निवृत्त_वायरमन

सगळं वाचलं. तुमची चित्रं मला पुरती कळत नाहीत, पण तुम्ही सगळे एकाच मोटरचं चित्र काढताय. माझी सगळी नोकरी डीपी जळण्यात गेली, आणि डीपी कधी एका मोटरनं जळत नाही.

लोक स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाईट आली की मोटर आपोआप चालू. ६३ केव्हीएची डीपी धरा, तिच्यावर पाच एचपीच्या दहा मोटरी. चालू मोटर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे सव्वापाच-साडेपाच केव्हीए. दहाचे झाले ५४. डीपी सांभाळते. पण डीओएलवर सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते. दहाही एकदम सुरू झाल्या तर सव्वातीनशे केव्हीएची मागणी, ६३ च्या डीपीवर. व्होल्टेज खाली बसतं, मोटरी वेग घेत नाहीत, जास्त वेळ जास्त करंट ओढत राहतात. मग फ्यूज जातो. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातलेली असेल तर डीपी जाते. महावितरण उगाच ऑटो स्विच काढा म्हणत नाही.

तुमच्या डब्यात ऑटो आहे का?

वाळूजचा_नवखा

आहे काका. पण आम्ही लाईट आल्यावर ३० सेकंद थांबतो.

निवृत्त_वायरमन

दहाही डबे तुमचेच असले तर?

रेषेवरची_माणसं

काकांनी एका ओळीत रिव्ह्यू संपवला.

नवखे, हीच आकृती काढा, बाकीच्या बाजूला ठेवा. डीपीची एक लाईफलाईन, डब्यांच्या तीन पुरेत. 'लाईट आली' ही घटना डीपीकडून तिघांकडे. प्रत्येकाकडून ३० सेकंदांनी डीपीवर सुरुवातीचा करंट. डब्यांचं आपसात बोलणं नाहीच, त्यामुळे 'पार' चौकट. 'पार'चा अर्थ एकाच वेळी असा नाही. आतल्या घटना कशाही सरमिसळ होऊ शकतात, एवढंच ती सांगते. पण सगळ्यांचं कालबंधन सारखं असलं की सरमिसळीला जागाच उरत नाही. ३० सेकंदांचा थांबा म्हणजे तोच धक्का अर्ध्या मिनिटानं.

थांबा प्रत्येक डब्याला वेगळा पाहिजे. डब्याच्या सिरियल नंबरवरून काढा किंवा यादृच्छिक घ्या, काही मिनिटांच्या पट्ट्यात पसरवा.

स्टेटमशीन_झिंदाबाद

हे स्टेट मशीनमध्ये दिसलं नसतं. मान्य. लिहून घ्या, रोज म्हणणार नाही.

निवृत्त_वायरमन

लाईट आली की पहिली काही मिनिटं फेजबी स्थिर नसते. एक फेज येते, जाते. तुमचा थांबा तिन्ही फेज नीट आल्यापासून मोजा, पहिली फेज आल्यापासून नको.

वाळूजचा_नवखा

साहेबांशी बोललो. ढीग बाजूला, आता एवढ्याच काढतोय: ताजा आणि शिळा 'चालू', परतीचा मेसेज हरवला, रिले ओढला पण करंट आला नाही, चालू मोटरचं पाणी संपलं, लाईट आल्यावर एका डीपीवरचे अनेक डबे. नेहमीची सुरळीत 'चालू' एकदाच, बाकीच्यांत ती 'रेफ' चौकटीनं (दुसऱ्या आकृतीचा नुसता हवाला देणारी चौकट) वापरायची. प्रत्येक आकृतीची एक चाचणी होणार, टेस्टिंगवाल्यांना बाणांचा क्रम आणि वेळा तशाच तपासायला सांगितलंय.

प्लँटयूएमएलमध्ये (मजकुरावरून आकृती काढून देणारं साधन) लिहितोय. लाईफलाईनला मराठी नावं चालतात, कीवर्ड तेवढे इंग्रजी.

डीपीखालचा

एक राहिलं. फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा आडकला की आमी हिरीत उतरतो. त्या वक्ताला कुणी 'चालू' पाठवलं तर? माझा भाऊ गावात आसतो, त्याचाबी नंबर नोंदवलेला हाये. त्याला काय ठावं मी आत हाये.

निवृत्त_वायरमन

मेन स्विच पाडून, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घालून मगच उतरायचं. डब्यावर भरोसा ठेवून विहिरीत कुणी उतरू नये. आधी हे.

मन्याडकाठ

काकांचं सगळ्यात वर. त्यानंतर डब्याचं: 'स्थानिक / मोबाईल' असा निवडीचा स्विच बाहेर हवा, आणि तो मोबाईलच्या रिलेसोबत एकसर वायर केलेला हवा. सॉफ्टवेअरनं वाचून निर्णय घ्यायचा नाही, सर्किटच तुटलं पाहिजे. कंट्रोलर हँग झाला तरी कॉन्टॅक्टर ओढला जाणार नाही.

वाळूजचा_नवखा

पण सर, सर्किट तुटलेलं असेल तर आकृतीत दाखवायला काहीच उरत नाही. न गेलेला मेसेज कसा काढायचा? यूएमएलमधली 'नेग' चौकट वापरू का, असं घडू नये म्हणून?

मन्याडकाठ

'नेग'च्या नेमक्या अर्थावरून जाणकारांतही वाद आहेत, तिच्या नादी लागू नका. 'स्थानिक' असताना कॉन्टॅक्टर ओढला जाणार नाही, ही गरज म्हणून वाक्यात लिहा आणि वायरिंगच्या आकृतीत सिद्ध करा. सिक्वेन्समध्ये दिसणारं तेवढं काढा: भावाचा 'चालू' आला, कंट्रोलरनं स्विचची जोडसंपर्काची (स्विच कुठं आहे हे नुसतं कळवणारी) तार वाचली, 'स्थानिकवर आहे, मोटर लावली नाही' असं उत्तर गेलं.

डीपीखालचा

आन् तो मेसेज भावाला नको, सगळ्या नोंदवलेल्या नंबरांना जाऊ द्या. घरच्यांनाबी कळंल.

वाळूजचा_नवखा

टाकतो दादा. डब्यावर स्विच कुठल्या बाजूला पाहिजे? आत्ताच्या पेटीत खाली केबल ग्लँड आहेत, डावीकडे अँटेना.

डीपीखालचा

समोर. अंधारात हाताला लागंल आसा मोठा.